औषध देणे : मार्ग आणि सुरक्षितता

डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध तपासणे, मोजणे, लागेल तिथे विरघळवणे आणि ठरलेल्या मार्गाने रुग्णाच्या शरीरात पोचवणे. रुग्णालयात हे काम प्रामुख्याने परिचारिकेचे, घरी मात्र आईचे नाहीतर सुनेचे. योग्य रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ ही पंचसूत्री परिचर्येच्या विद्यार्थ्यांकडून घोटून घेतली जाते. मार्ग चुकला तर बाकीचे चारही बरोबर असून उपयोग नसतो.

तोंडावाटे घेतलेले औषध आतड्यातून आधी यकृतात जाते आणि काहींचा बराच भाग तिथेच निकामी होतो. छातीत कळ आल्यावर सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवतात ते यासाठीच. आतड्यात विरघळण्यासाठी लेप दिलेली किंवा दिवसभर हळूहळू झिरपणारी गोळी कुटून नाकातल्या नळीतून देऊ नये. लहान मुलांच्या पॅरासिटामॉलमध्ये वेगळाच सापळा आहे. थेंबांच्या बाटलीत १ मिलीला १०० मिग्रॅ, तर नेहमीच्या सिरपमध्ये ५ मिलीला १२५ मिग्रॅ औषध असते. थेंबांचे औषध सिरप समजून चमच्याने पाजले, तर मात्रा चौपट होते.

बीसीजी त्वचेच्या थरात, इन्सुलिन त्वचेखाली, पेंटाव्हॅलंट लस मांडीच्या स्नायूत आणि सलाईन शिरेत देतात. तान्ह्या बाळाला कुल्ल्यावर सुई टोचत नाहीत, कारण तिथली मोठी नस दुखावली तर पाय लुळा पडू शकतो. पोटॅशियम क्लोराइड सलाईनमध्ये मिसळून सावकाश द्यायचे असते; तेच थेट शिरेत ढकलले तर हृदय थांबते. त्याची कुपी इंजेक्शनच्या पाण्याच्या कुपीसारखीच दिसते, म्हणून ती वेगळ्या कप्प्यात ठेवतात. बाटली न वाचता उचलली की काय होते, हे ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात दिसले. तिथे १२ बालकांना पोलिओऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले.

इन्सुलिनचा घोळ खास आपल्याकडचा. भारतात १ मिलीला ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन्ही तीव्रतांचे इन्सुलिन मिळते. पहिल्याची सिरिंज लाल टोपणाची, दुसऱ्याची नारिंगी. शंभरी इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले तर प्रत्यक्षात ५० युनिट जातात आणि साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. उलट अदलाबदलीत २० ऐवजी ८ युनिटच मिळतात. दुकानदाराकडून सिरिंज घेताना कुपीही दाखवावी, एवढी साधी खबरदारी पुरते. न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहाव्या लागतात. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो. फ्रीज नसेल तर सुती कापडात झाकलेले ओले मडके वापरात असलेल्या कुपीला बरेच सांभाळते.

ऊस-ज्वारीच्या शिवारात सर्पदंश नवा नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालते. त्याची भुकटी १० मिली निर्जंतुक पाण्यात विरघळवताना कुपी जोराने हलवायची नसते, फेस होतो. ती हलकेच फिरवायची. मग ते सलाईनमध्ये मिसळून साधारण तासाभरात शिरेतून सोडतात. दंशाच्या जागी टोचून उपयोग होत नाही. लहान मुलालाही मोठ्यांइतकीच मात्रा लागते, कारण विष रुग्णाचे वजन पाहून शिरत नाही. तीव्र ॲलर्जी उद्भवली तर मांडीच्या स्नायूत द्यायचे ॲड्रेनालिन आधीच भरून हाताशी ठेवतात.

सोलापुरात १९६३ साली स्थापन झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे लोकांच्या ‘सिव्हिल’मध्ये, मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि दख्खनीही कानावर पडते. वॉर्डात ‘तुम्ही अमुक ना?’ असे विचारले तर न समजताही मान डोलावली जाते. म्हणून रुग्णालाच नाव सांगायला लावून ते केसपेपरवरच्या नोंदणी क्रमांकाशी ताडून पाहावे. गोळ्यांच्या पाकिटावर सकाळसाठी सूर्य, रात्रीसाठी चंद्र काढला तर चारही भाषांत चालतो. ‘जेवणाआधी’ मात्र चित्राने नीट सांगता येत नाही, ते नातेवाइकाकडून परत वदवून घ्यावे लागते.