एका रत्तलाचा हिशेब

गेल्या दिवाळीत फराळाचे ताट पुढे आले, तेव्हा पुण्याहून आलेल्या माझ्या भाचीने चकली उचलण्याआधी मोबाइल उचलला. वय, उंची, वजन भरून तिने जाहीर केले, "मामा, मला दिवसाला एकोणीसशे कॅलरी पुरतात."

आई करंज्यांना मुरड घालीत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "आणि खडी फोडणाऱ्या बाईला गं?"

भाची गप्प झाली. १९७२ च्या दुष्काळात आई सतरा वर्षांची होती. सुकडी आणि मिलोच्या भाकरीवर तिने रस्त्याची खडी फोडली होती. मी शाळामास्तर, फार तर चार कादंबऱ्या लिहिलेला माणूस. शरीरशास्त्र हा काही माझा प्रांत नव्हे. पण आईच्या प्रश्नाचा माग काढीत मी थेट फ्रान्सपर्यंत जाऊन पोहोचलो.

तेथे १७८३ च्या सुमारास लाव्हाझिए आणि लाप्लास या दोन शास्त्रज्ञांनी एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला. त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो, हे त्यांनी मोजले. श्वासोच्छ्वास म्हणजे एक प्रकारचे मंद ज्वलनच, असा निष्कर्ष निघाला. पुढे लाव्हाझिएने सेगँ या आपल्या साहाय्यकावरच प्रयोग केले. स्वस्थ बसल्यावर त्याला जितका प्राणवायू लागे, त्याहून जेवल्यावर अधिक आणि श्रम करताना तर कितीतरी अधिक लागे. तेव्हा लाव्हाझिएच्या मनाला एक गोष्ट बोचली: जो राबतो त्याचे शरीर अधिक जळते, आणि पोटाला कमी मिळते तेही त्यालाच. ही खंत त्याने आपल्या शास्त्रीय निबंधात लिहून ठेवली. १७९४ मध्ये क्रांतीच्या धामधुमीत त्याचा शिरच्छेद झाला.

वाचकहो, आपण नुसते पडून राहिलो तरी हृदय, फुप्फुसे, मेंदू यांचे काम चालूच असते. घर बंद ठेवले तरी घरपट्टी चुकत नाही, तसाच हा खर्च. अमेरिकेत हॅरिस आणि बेनेडिक्ट यांनी १३६ पुरुष, १०३ स्त्रिया आणि ९४ नवजात बालके यांची मोजमापे घेऊन १९१९ मध्ये या खर्चाचे सूत्र प्रसिद्ध केले. वजन, उंची, वय घातले की आकडा निघतो. त्याला श्रमाच्या मानाने गुणायचे. बैठे काम असेल तर साधारण दीडपट. कुदळ-पहार चालवायची असेल तर दुपटीहूनही अधिक. अर्थात हा अंदाज आहे. माणसागणिक तो थोडा इकडेतिकडे होतो.

आता आपल्या मुलखात या. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात व्हाइसरॉय लिटन यांनी सर रिचर्ड टेंपल यांना पाहणीसाठी धाडले. सरकारी पैसा वाचवावा, ही त्यांना ताकीद होती. १८७७ च्या आरंभी त्यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुषाची मजुरी ठरवली: दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर अर्धा आणा. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू उचलून धरली. मद्रासेत सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी, एवढ्या धान्यावर कष्टकरी माणूस टिकणार नाही, असे बजावले. अखेर तेथील मजुरी वाढली. पण तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते. त्या दुष्काळात लाखो माणसे दगावली.

मी कागद-पेन्सिल घेतली. रत्तल म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम. तेवढ्या ज्वारीत साधारण साडेपंधराशे कॅलरी. पंचावन्न किलो वजनाच्या तिशीतल्या पुरुषाचा नुसता पडून राहण्याचा खर्च हॅरिस-बेनेडिक्ट सूत्राने साडेचौदाशेच्या आसपास येतो. शिल्लक उरल्या शंभर कॅलरी! तेवढ्यात त्याने दिवसभर माती उपसायची. अर्ध्या आण्यात त्या महागाईत आणखी धान्य ते कितीसे येणार? टेंपलसाहेबांनी धरला तो पडून राहणाऱ्या माणसाचा हिशेब, आणि काम घेतले ते राबणाऱ्याकडून. हे सूत्र तेव्हा नव्हते, हे खरे. पण राबणाऱ्याला अधिक लागते, हे लाव्हाझिएने ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वीच सांगून ठेवले होते. आणि ते कळायला शास्त्रज्ञच व्हायला हवे, असेही नाही.

भाचीने मग आजीचे तेव्हाचे वय, उंची आणि अंदाजे वजन मोबाइलमध्ये भरले. काम कोणते, या रकान्यात सर्वांत जड श्रम निवडले. आकडा आला अठ्ठावीसशेच्या घरातला.

"आजी, तुला रोज एवढं लागत होतं."

आई थोडा वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "एवढं एकाही दिवशी मिळालं नाही, बाई." आणि तिने भाचीच्या ताटात आणखी एक करंजी वाढली. भाचीने या वेळी मोबाइल उचलला नाही.