पंपातून होडीत, होडीतून पंपात

मोटारसायकल आणि मोटरबोट सख्ख्या बहिणी आहेत. अलंकार म्हणून म्हणत नाहीये, सनावळ्याच तशा आहेत. गॉटलिब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ साली एका लाकडी दुचाकीवर छोटं पेट्रोल इंजिन बसवलं. पुढच्याच वर्षी त्याच घराण्यातलं इंजिन त्यांनी नेकर नदीतल्या होडीत चढवलं. पेट्रोलचा भडका उडेल म्हणून लोक घाबरत. तेव्हा डाइमलरने होडीभर तारा ओढून, चिनी मातीचे इन्सुलेटर टांगून ती विजेवर चालते असा देखावा केला, अशी गोष्ट सांगतात. चारचाकी गाडीचा नंबर डाइमलरकडे या दोघींनंतर लागला.

दुसरी भेट अमेरिकेत झाली. कॅमेरॉन वॉटरमन हा येल विद्यापीठात कायदा शिकणारा मुलगा. १९०३ च्या सुमारास त्याने मोटारसायकलचं इंजिन दुरुस्तीसाठी काढलं आणि खोलीतल्या खुर्चीच्या पाठीला अडकवून चालू केलं. खुर्चीच्या पाठीला टांगता येतं तर होडीच्या मागच्या फळीला का नाही, असं त्याच्या मनात आलं. १९०५ मध्ये डेट्रॉइट नदीवर त्याने ते करून पाहिलं आणि १९०७ मध्ये पेटंट मिळवलं. ‘आउटबोर्ड मोटर’ हे नावही त्याचंच मानतात. पण लोकांच्या लक्षात राहिला तो नॉर्वेहून मिलवॉकीला आलेला ओले एव्हिन्रूड. त्याने १९०९ पासून आपली मोटर विकायला काढली. तिची रचना दणकट होती हे खरं, पण हिशेब, पत्रव्यवहार आणि जाहिराती सांभाळणारी त्याची बायको बेस नसती तर तीही गल्लीतच राहिली असती, असं मला वाटतं.

इथून पुढे आउटबोर्ड मोटर सुधारत गेली, म्हणजे श्रीमंतांच्या तळ्यांना शोभेशी होत गेली. इंजिन वर, त्यातून खाली उतरणारा उभा शाफ्ट, पाण्याखाली दातेरी चाकांची पेटी आणि त्या पेटीला पंखा. इंजिन थंड ठेवायला बाहेरचं पाणी खालून ओढून घ्यायचं. खोल, स्वच्छ पाण्यात ही रचना उत्तम. गुडघाभर पाणी, खाली गाळ आणि वर जलपर्णी असली की तिचा प्रत्येक गुण अवगुण होतो. पेटी तळाला घासते, पाणी ओढणाऱ्या जाळीत चिखल बसतो आणि इंजिन तापून बंद पडतं. आपल्या कोकणातल्या खाड्यांत ओहोटीला होडी रुतली की लोक मुकाट भरतीची वाट पाहत. जिथे भरतीची वाट पाहणं परवडत नाही तिथे वेगळी युक्ती लागते.

ती आग्नेय आशियात रुजली. थायलंडमध्ये तिला ‘लांब शेपटीची होडी’ म्हणतात, व्हिएतनाममध्ये ‘कोळंबीची शेपटी’. हवेने थंड होणारं साधं आडवं इंजिन घ्यायचं, होडीच्या मागच्या टोकाला एका खिळीवर तोलायचं आणि त्यातून सरळ एक लांब दांडा मागे काढायचा. दांड्याच्या टोकाला पंखा. मधे दातेरी पेटी नाही, पाणी ओढणारी जाळी नाही. नावाडी हातातली मूठ खाली दाबतो की पंखा वर येतो. उथळ जागी तो जेमतेम पाण्याच्या पृष्ठभागाखाली फिरतो. सुकाणूही वेगळं नको, अख्खं इंजिनच वळतं. अडकलेलं गवत काढायचं तर शेपटी उचलून होडीत घ्यायची आणि हाताने सोडवायची.

मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अशी इंजिनं भराभर आली. दक्षिण व्हिएतनामला अमेरिकी मदतीतून आयातीची सोय होती आणि तिच्यातून छोटी पेट्रोल इंजिनं बाजारात उतरत होती. त्यातल्या ‘कोहलर’चं नाव तिथल्या तोंडात ‘कोले’ झालं आणि पुढे इंजिनाचंच नाव होऊन बसलं. आपल्याकडे वनस्पती तुपाचा डालडा झाला तसं.

मला सगळ्यात थक्क करते ती यानंतरची पायरी. १९६२ च्या सुमारास मी थो भागात कुणीतरी या शेपटीभोवती पत्र्याची नळी चढवली. होडी बांधावर बांधून ठेवली, नळीचं एक टोक कालव्यात आणि दुसरं शेतात. पंखा तोच, फिरणंही तेच. पण आता होडी हलत नव्हती, त्यामुळे पाणी हलू लागलं. पाण्याचा पंप झाला! त्याआधी तिथे भातशेताला पाणी देणं म्हणजे पायाने मारायचं रहाट किंवा दोघांनी दोरीने झुलवायची बादली. आता पावसाची वाट न पाहता रोपं लावता येऊ लागली, काही ठिकाणी वर्षात दोन पिकं निघू लागली.

हे आपल्याला ठाऊक आहे ते रॉबर्ट सॅन्सम या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञामुळे. युद्ध चालू असताना तो त्या गावांमधून फिरला. १९६९ मध्ये त्याने या पंपावर एक शोधनिबंध लिहिला आणि १९७० मध्ये बंडखोरीच्या अर्थकारणावर पुस्तक. शेतकऱ्यांना शिकवायला आलेल्या तज्ज्ञांनी हा पंप आणलेला नव्हता. तो गावातल्या कारागिरांनी घडवला आणि एकाचं बघून दुसऱ्याने घेतला. पुढे डेव्हिड बिग्स या इतिहासकाराने त्यातली दुसरी बाजू मांडली: छोटं यंत्र कुणाचीच बाजू घेत नाही. ज्या इंजिनावर भात बाजारात जायचा त्याच इंजिनावर रात्री बंडखोरांची माणसं आणि सामान जायचं. सरकारला इंजिनं हवीही होती आणि त्यांची भीतीही वाटत होती.

अमेरिकी नौदलाला त्याच कालव्यांत गस्त घालायची होती. १९६६ पासून त्यांनी फायबरग्लासच्या ३१ फुटी बोटी आणल्या. त्यांना पंखाच नव्हता. जकूझी कंपनीचे पंप पाणी आत ओढून मागे फेकायचे. उथळ पाण्यासाठी कल्पना हुशार होती, पण कालव्यातलं शेवाळ आणि गवत त्या पंपांच्या तोंडात अडकायचं. शेजारून एखादी म्हातारी कोळंबीची शेपटी उचलून, झटकून पुढे जात असेल, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर येतं. चित्र कल्पनेतलं आहे, पण रचनांमधला फरक अगदी तोच आहे.

व्हिएतनाममध्ये होडीचं इंजिन पंपात गेलं. बांगलादेशात उलट झालं. तिथे उथळ कूपनलिकांसाठी छोटी डिझेल इंजिनं आली. त्यांना ‘शॅलो’ म्हणतात. कोरड्या दिवसांत शॅलो शेतात पाणी उपसतं आणि पावसाळ्यात सगळीकडे पाणीच असतं तेव्हा ते रिकामं पडतं. मग १९८०च्या दशकात ते देशी होड्यांमध्ये शिरलं आणि शीड, वल्हं, गुण ओढणारी माणसं हळूहळू मागे पडली. फिलिपिन्समध्ये तर छोट्या इंजिनाच्या होडीला ‘पंपबोट’च म्हणतात. डेव्हिड एजर्टन या ब्रिटिश इतिहासकाराने २००६ मधल्या पुस्तकात तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांवरून न लिहिता वापरावरून लिहायला हवा असा वाद घातला. बांगलादेशातल्या या होड्या त्याच्या उदाहरणांत आहेत. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात तर शोध आणि वापर यांची गल्लत करण्याचाच पगार मिळतो, म्हणून मला हा वाद विशेष पटतो.

लुइझियानाच्या दलदलीत, बदकांची शिकार करणाऱ्यांसाठी, वॉरन कोको याने १९७७ मध्ये ‘गो-डेव्हिल’ नावाने अशीच लांब दांड्याची मोटर विकायला सुरुवात केली. आता अमेरिकेत ‘मड मोटर’ हा चांगला मोठा धंदा आहे.

आणि मोटारसायकलचं इंजिन? ते आजही हौशी आणि गरजू अशा दोघांच्याही हाती लागतं, कारण भंगारात स्वस्त मिळतं. पण ते दांड्याला जोडणं वाटतं तितकं सरळ नाही. पंपाच्या इंजिनाला स्वतःचा पंखा आणि त्यावर पत्र्याचं आवरण असतं. एका जागी उभं राहूनही ते गार राहतं. मोटारसायकलचं इंजिन मात्र समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या भरवशावर असतं. होडीला तेवढा वेग कधीच येत नाही, तेव्हा वारा वेगळा पुरवावा लागतो. दुसरी अडचण रेट्याची. साखळी चाक फिरवते तेव्हा गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आडवा ताण येतो आणि तिथली बेअरिंग त्याच हिशेबाने बसवलेली असतात. पाण्यातला पंखा मात्र दांड्याला त्याच्या लांबीच्या दिशेने, सरळ इंजिनात ढकलतो. हा रेटा मधेच, दांड्याच्या नळीतल्या वेगळ्या बेअरिंगवर झेलून खिळीतून होडीला द्यावा लागतो. नाहीतर गिअरबॉक्सचा भुगा ठरलेला.

बदल्यात मिळतं ते मोठं आहे. पंपाचं इंजिन मिनिटाला सुमारे ३६०० फेऱ्यांवर थेट दांड्याला जोडलेलं असतं. चालू केलं की पंखा फिरलाच. मोटारसायकलबरोबर क्लच येतो, न्यूट्रल येतो आणि चार-पाच गिअर येतात. जड होडी असेल तर खालचा गिअर, हलकी असेल तर वरचा. सौराष्ट्रातल्या छकड्यामागे हाच हिशेब होता. अमरेलीच्या मनसुखभाई जगानी यांनी १९९४ मध्ये बुलेटला नांगर जोडला त्यामागेही तोच.

एकच गोष्ट त्या गिअरबॉक्समध्ये नसते, ती म्हणजे रिव्हर्स. लांब शेपटीला तिची फारशी गरजही पडत नाही. धक्क्याजवळ आल्यावर नावाडी शेपटी पाण्याबाहेर उचलतो, पंखा हवेत फिरत राहतो आणि होडी उरलेल्या वेगाने सरकत जाते. मागे घ्यायची वेळ आली तर होडीत बांबू असतोच.