बैलाची दाढ आणि ज्वारीचं पान



आमच्या जोडीतला म्हातारा बैल दोन महिन्यांपासून कडबा तोंडात घोळवतो आणि टाकून देतो. डॉक्टरांनी जबडा उघडून दाखवला, दाढा हिरडीपर्यंत घासल्या आहेत. शेजारचे काका म्हणाले, "आता काय चावते तो, इकून टाक." त्याचं पुढे सांगतो. बाजारात आपण आदत, दोनदाती, चारदाती, जुळलेला असं पाहतो ते पुढचे दात. मागच्या दाढेकडे कोण बघते? खरा इतिहास तर तिच्यात आहे.

सुरुवात विदर्भातच होते. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे पिसदुरा गाव आहे. तिथे डायनासोरच्या शेणाचे दगड झालेले गोळे सापडतात. २००५ मध्ये वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी त्या गोळ्यांत गवताचे सिलिकाचे कण दाखवले. वय साधारण साडेसहा कोटी वर्षं. तोपर्यंत समज असा होता, की गवत डायनासोर संपल्यावर बऱ्याच काळाने आलं. आपल्या काळ्या मातीखालचा खडक लाव्हारसातून झाला, तोही त्याच सुमाराचा.

त्या काळचे सस्तन प्राणी बहुतेक उंदराएवढे. डायनासोर गेल्यावर ते वाढले, पण उष्ण, ओल्या जंगलात. मऊ पाला, फळं खायची. त्याला बुटकी दाढ पुरे.

मग पृथ्वी थंड होत गेली. सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वी अंटार्क्टिकावर बर्फाचा थर चढला. आपल्या उपखंडात मोठा पालट ८० ते ६० लाख वर्षांपूर्वीचा. हिमालयाच्या पायथ्याशी शिवालिकच्या थरांत तो वाचता येतो, आणि कशावरून, तर जुन्या मातीतल्या चुनखडीच्या खड्यांवरून! आपल्या वावरात नांगराला लागतात तसेच. त्यातला कार्बन सांगतो, की झाडोरा कमी झाला आणि सी-४ गवतं पसरली. कोरडा हंगाम लांबला, की अशी गवतं तगतात. आपली ज्वारी, मका, ऊस सी-४ च. कपाशी, तूर, सोयाबीन सी-३.

जंगलातल्या फळांवर जगणारा शिवापिथेकस हा वानर शिवालिकमधून नाहीसा झाला. ज्यांच्या दाढा उंच होत्या, ते घोड्याच्या आणि गाईच्या कुळातले प्राणी टिकले. ज्वारीच्या पानाने हात कापतो ना, तीच सिलिका, वर धूळ. ती दाढ घासते. म्हणून दाढेचा बराच भाग हिरडीत दडलेला असतो आणि झिजेल तसा वर सरकतो. पण साठा ठरलेला. संपला की संपला. आमच्या बैलाचा संपला.

आता आपल्याकडे ज्वारी उरली किती? सोयाबीनचं कुटार खायला ढोरं कुरकुर करतात, आणि कडबा विकत घ्यावा तर भाव ऐकून माणूसच कुरकुरतो. मी यंदा एक एकर ज्वारी पेरली आहे. गावात रानडुकरांमुळे सगळे नको म्हणत होते.

बैल विकला नाही. कडबा बारीक कुट्टी करून, रात्रभर भिजवून, थोडी ढेप मिसळून देतो आहे. काल टोपलं चाटून साफ केलं.

तुमच्याकडे म्हाताऱ्या ढोरांना काय चारता, तेवढं कळवा.