कल्याणीच्या चालुक्यांचा वारसासंघर्ष (१०६८–१०७६)

कल्याणीच्या (आजचे बसवकल्याण, जि. बीदर, कर्नाटक) चालुक्य घराण्यातील दुसरा सोमेश्वर आणि त्याचा धाकटा भाऊ सहावा विक्रमादित्य यांच्यात दख्खनच्या राज्यासाठी झालेला झगडा. वडिलांच्या मृत्यूनंतर १०६८ मध्ये थोरला भाऊ रीतीप्रमाणे गादीवर आला. आठ वर्षांनी, १०७६ मध्ये, धाकट्याने त्याला लढाईत पकडून कैदेत टाकले आणि स्वतः राज्याभिषेक करून घेतला. ही हकीकत बहुधा एका गुणी आणि एका दुष्ट भावाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. प्रत्यक्षात तिचा निकाल दोन गोष्टींनी लागला: चोळांच्या राज्यात त्याच सुमारास उभा राहिलेला वारसाचा पेच, आणि सिन्नरपासून गोव्यापर्यंतच्या सामंतांनी निवडलेली बाजू.

या दोघांचा पिता पहिला सोमेश्वर (आहवमल्ल, त्रैलोक्यमल्ल, कार. सु. १०४२–६८) याची बहुतेक कारकीर्द चोळांशी लढण्यात गेली. १०५४ मध्ये कोप्पम येथे चोळ राजा राजाधिराज रणांगणावरच मारला गेला, तरी त्याच्या भावाने तिथेच राज्याभिषेक करून घेऊन लढाई जिंकली. भांडणाचे मूळ वेंगीत होते. गोदावरी आणि कृष्णेच्या मुखाकडील या प्रदेशात पूर्व चालुक्यांचे राज्य होते. रक्ताने ते कल्याणीकरांचे भाऊबंद होते, पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या सोयरिकींमुळे चोळांचे जावई आणि भाचेही झाले होते. वेंगीच्या गादीवर कोण बसतो याकडे दोन्ही साम्राज्ये डोळ्यांत तेल घालून पाहत.

सोमेश्वराने मुलांना लहान वयातच प्रांत वाटून दिले होते. थोरला सोमेश्वर (भुवनैकमल्ल) बेळवोल आणि पुलिगेरे या भागांचा, तर मधला विक्रमादित्य दक्षिणेकडील गंगवाडीचा कारभार पाही. धाकट्याचे नाव जयसिंह. विक्रमादित्याचा प्रांत चोळांच्या हद्दीला लागून होता, त्यामुळे फौज, सरहद्दीवरचे सरदार आणि शत्रूच्या दरबारातील माणसे यांच्याशी त्याचा रोजचा संबंध येई. पुढच्या सगळ्या घडामोडींत त्याला हीच गोष्ट उपयोगी पडली.

मार्च १०६८ च्या अखेरीस असाध्य व्याधीने त्रासलेल्या पहिल्या सोमेश्वराने तुंगभद्रेकाठी कुरुवत्ती येथे नदीत जलसमाधी घेतली. एप्रिलमध्ये दुसऱ्या सोमेश्वराचा राज्याभिषेक झाला. नवा राजा स्थिरावण्याआधीच चोळ राजा वीरराजेंद्र याने चाल करून गुत्तीच्या किल्ल्याला वेढा घातला.

इथून पुढे साधने वेगवेगळ्या दिशांना जातात. सलग हकीकत मिळते ती फक्त बिल्हणाच्या ‘विक्रमांकदेवचरित’ या अठरा सर्गांच्या संस्कृत महाकाव्यात. बिल्हण मूळचा काश्मीरचा. मथुरा, कनौज, काशी, डाहल, अणहिलवाड असा फिरत तो कल्याणीस आला आणि विक्रमादित्याने त्याला ‘विद्यापती’ ही पदवी दिली. म्हणजे युद्ध संपल्यावर, जिंकलेल्याच्या आश्रयाला राहून त्याने हे काव्य रचले. त्याच्या सांगण्यानुसार पित्याने युवराजपद आधी विक्रमालाच देऊ केले होते, पण थोरला भाऊ असताना ते घेणे बरे नव्हे म्हणून त्याने नाकारले. पित्याच्या निधनानंतर तो मोहिमेवरून परतला, मिळालेली लूट भावाच्या स्वाधीन केली, आणि काही काळ दोघे सलोख्याने राहिले. पुढे सोमेश्वर संशयी, लोभी आणि क्रूर झाला, तेव्हा विक्रम जयसिंहाला घेऊन कल्याणीतून बाहेर पडला. पाठलागाला आलेल्या सैन्याचा त्याने पराभव केला. तुंगभद्रेकाठी त्याचा दबदबा पाहून चोळ राजाने आपण होऊन तह मागितला आणि आपली मुलगी त्याला दिली.

वीरराजेंद्राचे तमिळ शिलालेख याच काळाबद्दल काय म्हणतात ते शेजारी ठेवून पाहावे. त्यांत चोळ राजा विजेता आहे. त्याने कंपिली जाळली, करडिकल येथे जयस्तंभ उभारला, सोमेश्वराला कन्नड मुलूख सोडायला लावले आणि आपल्या आश्रयाला आलेल्या ‘सळुक्की विक्रमादित्या’च्या गळ्यात कंठिका बांधून त्याला साडेसात लक्षांची रट्टपाडी दिली. कंठिका हे राजपदाचे चिन्ह आणि रट्टपाडी म्हणजे खुद्द चालुक्यांचे राज्य. चोळांच्या लेखांतही फुशारकी भरपूर असते, कारण रट्टपाडी त्यांच्या हातात कधीच पुरती नव्हती. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. बिल्हण ज्याला भावांच्या सलोख्याचा काळ म्हणतो, त्याच काळात, पित्याच्या मृत्यूला फार दिवस झाले नसताना, विक्रमादित्य घराण्याच्या जन्मशत्रूशी बोलणी करत होता. बिल्हणाने तहाची मागणी चोळाच्या तोंडी घातली आणि कंठिकेचा उल्लेखच गाळला. या प्रकरणात शिलालेखांच्या बाजूने झुकणे अधिक सयुक्तिक वाटते.

या तहात मध्यस्थ होता गोव्याचा कदंब राजा पहिला जयकेशी. चोळ आणि चालुक्य यांची मैत्री जुळवल्याचे श्रेय त्याच्या घराण्याचे लेख त्याला देतात. बिल्हणही जयकेशीने विक्रमाला मागण्याहून अधिक द्रव्य दिल्याचे सांगतो. पुढे विक्रमादित्याने आपली मुलगी मैललदेवी याच घराण्यातील दुसऱ्या जयकेशीला दिली.

१०७० मध्ये वीरराजेंद्र वारला आणि चोळांच्या गादीचाच प्रश्न उभा राहिला. विक्रमादित्य कांचीपर्यंत गेला, विरोध मोडून त्याने मेहुणा अधिराजेंद्र याला राजधानी गंगैकोंडचोळपुरम येथे गादीवर बसवले आणि तो परतला. त्यानंतर थोड्याच दिवसांत अधिराजेंद्र मारला गेला. वेंगीच्या पूर्व चालुक्य घराण्यातील राजेंद्र, जो आईकडून चोळांचा नातू होता, त्याने गादी घेतली. हाच पहिला कुलोत्तुंग. बिल्हण त्याला ‘राजिग’ म्हणतो. वेंगी आणि चोळमंडळ एका माणसाच्या हाती जाऊ नये म्हणून कल्याणीचे राजे दोन पिढ्या लढले होते, आणि नेमके तेच आता घडले.

अशा वेळी दोघा भावांनी एक होणे स्वाभाविक ठरले असते. झाले उलटे. विक्रमादित्याचा पाठीराखा गेलेला पाहून सोमेश्वराने कुलोत्तुंगाशीच हातमिळवणी केली. धाकट्या भावाला दक्षिणेकडून चोळ आणि उत्तरेकडून आपण असे कोंडीत धरायचे, हा त्याचा बेत. लष्करी हिशेबाने तो चुकीचा नव्हता. पण चोळांना घरात बोलावणारा राजा अशी त्याची प्रतिमा सामंतांपुढे उभी राहिली असणार. विक्रमादित्याने स्वतः आधी तेच केले होते; फरक इतकाच की तेव्हा तो गादीवर नव्हता.

सामंत कोणाकडे गेले हे त्यानंतरच्या वर्षांत स्पष्ट होत गेले. गोव्याचे कदंब, होयसळ विनयादित्य आणि त्याचा मुलगा एरेयंग, उच्चंगीचे पांड्य हे विक्रमादित्याच्या बाजूला होते. भाऊ जयसिंह सुरुवातीपासून त्याच्याबरोबर होता. महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचा पाठिंबा सेऊण यादवांचा. सिन्नर परिसरात राज्य करणारा दुसरा सेऊणचंद्र हा या घराण्यातील पहिला मोठा कर्तबगार पुरुष. त्याचा १०६९ चा वसईचा ताम्रपट प्रसिद्ध आहे. हेमाद्रीने ‘चतुर्वर्गचिंतामणी’च्या व्रतखंडात यादवांची जी राजप्रशस्ती दिली, तीत सेऊणचंद्राने परमर्दिदेवाला शत्रूंच्या संघातून सोडवून कल्याणीच्या गादीवर बसवले असे म्हटले आहे. परमर्दिदेव म्हणजे विक्रमादित्यच. पेर्माडी हे त्याचे रूढ नाव होते. हेमाद्री या घटनेनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी आणि यादवांच्याच पदरी लिहीत होता, तेव्हा त्याने आपल्या धन्यांच्या पूर्वजाला थोडे मोठे केले असेल. मात्र सेऊणचंद्राचा मुलगा ऐरमदेव याच्या १०९८ च्या अश्वी (जि. अहिल्यानगर) ताम्रपटातही या कामगिरीचा उल्लेख आहे, म्हणून ती नुसती दरबारी स्तुती म्हणून सोडून देता येत नाही. सोमेश्वराच्या उत्तर सीमेवर वैरी सामंत असेल, तर दक्षिणेत लढायला त्याला सगळी फौज नेता येत नाही. यादवांच्या मदतीचे खरे मोल इथे दिसते.

अखेरच्या लढाईबद्दल बिल्हण सांगतो की विक्रम कुलोत्तुंगावर चालून गेला तेव्हा सोमेश्वर पाठीमागून आला. भावाशी लढायला विक्रमाचे मन घेईना, तेव्हा शंकराने स्वप्नात येऊन आज्ञा केली. लढाईत चोळ राजा पळाला आणि सोमेश्वर हाती लागला. त्याला सोडून राज्य परत द्यावे असे विक्रमाच्या मनात आले, पण शंकराने पुन्हा रागावून तसे करू दिले नाही. भावाला कैद करणे या एका कृत्यासाठी कवीला देवाला पुनःपुन्हा मध्ये आणावे लागते, यावरून समकालीनांना ते कृत्य किती बोचत असावे याचा अंदाज करता येतो. कुलोत्तुंगाचे लेख मात्र विजय आपल्याकडे घेतात. ‘विक्कलन’ म्हणजे विक्रमादित्य याला नंगिलीपासून तुंगभद्रेपर्यंत पळवून लावले आणि त्याचे हत्ती पकडले असे ते सांगतात. सोमेश्वराचे पुढे काय झाले ते कोणीच नोंदवत नाही. १०७६ नंतर त्याचे नाव लेखांतून नाहीसे होते. परिणाम पाहता कुलोत्तुंगाने आपली गादी राखली आणि विक्रमादित्याने भावाची मिळवली.

नव्या राजाने शक संवत्सर बाजूला सारून राज्यारोहणाच्या वर्षापासून (शक ९९८) चालुक्य विक्रम संवत्सर सुरू केला. मराठवाडा आणि सोलापूर भागातील त्या काळच्या अनेक शिलालेखांत हीच कालगणना आढळते. जुना राजा हयात असताना गादी घेतलेल्या माणसाने काळच आपल्यापासून मोजायला लावावा, ही कृती त्याच्या प्रशस्तींपेक्षा जास्त बोलकी आहे. त्यानंतरच्या काळातच कऱ्हाडच्या शिलाहार घराण्यातील चंद्रलेखा (चंदलदेवी) हिच्याशी त्याचा विवाह झाला. बिल्हणाने तिच्या स्वयंवराचे वर्णन सविस्तर केले आहे.

साथ दिलेल्या जयसिंहाला बनवासीचा कारभार मिळाला, पण तोही १०८० नंतरच्या काही वर्षांत उठला. कृष्णाकाठी त्याचा पराभव होऊन तो पकडला गेला. या वेळी विक्रमादित्य त्याच्याशी मायेने बोलला असे बिल्हण म्हणतो.

याच विक्रमादित्याच्या काळात कल्याणी येथे विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. बापाच्या मिळकतीवर मुलाचा हक्क जन्मानेच असतो आणि भावांना समान वाटा मिळावा, ही तिची भूमिका. थोरल्याला जास्त वाटा देणे शास्त्रात असले तरी लोकांना ते खपत नाही, म्हणून ते करू नये, असे ती स्पष्ट सांगते. बंगाल सोडून भारताच्या बहुतेक भागात हिंदू वारसा कायद्याचा पाया पुढे हाच ग्रंथ झाला. राज्याची वाटणी मात्र होत नसे, आणि गादीसाठी भावांनी लढायचे की नाही याला ‘मिताक्षरे’त उत्तर नव्हते.

आधुनिक काळात ही हकीकत पुढे आली ती १८७४ मध्ये गेओर्ग ब्यूलर यांना जैसलमेरच्या जैन भांडारात ‘विक्रमांकदेवचरिता’चे हस्तलिखित मिळाल्यावर. मुंबई संस्कृत ग्रंथमालेत ते १८७५ मध्ये छापले गेले. रा. गो. भांडारकरांनी दख्खनच्या प्राचीन इतिहासात बिल्हणाची कथा वापरली, आणि तमिळ शिलालेख वाचले गेल्यावर तिची दुसरी बाजू उजेडात आली.

विक्रमादित्याने १०७६ पासून ११२६ पर्यंत, सुमारे ५० वर्षे राज्य केले. ज्या सामंतांनी त्याला गादी मिळवून दिली त्यांचे बळ या काळात वाढत गेले. बाराव्या शतकाच्या मध्यावर कलचुरी बिज्जलाने कल्याणी बळकावली. शतकाच्या अखेरीस सेऊणचंद्राचा वंशज पाचवा भिल्लम आणि विनयादित्याचा वंशज होयसळ दुसरा बल्लाळ यांनी चालुक्यांचे राज्य आपापसात वाटून घेतले.