कुणाकडे राहून?

दहावीचा निकाल लागला की कोकणातल्या घराघरांत एकच प्रश्न ओटीवर येऊन बसतो: पुढे काय? आज त्याचा अर्थ सायन्स, कॉमर्स की आर्ट्स, डिप्लोमा की आयटीआय, असा घेतला जातो. पण हा अर्थ फार जुना नाही. रत्नागिरीजवळच्या मालगुंडच्या ज्या घरात १८६६ मध्ये कृष्णाजी केशव दामले, म्हणजे पुढचे कवी केशवसुत, जन्मले, त्या घरातही हा प्रश्न होताच. वडील शिक्षक, तेव्हा मुलांनी शिकायचे यात वाद नव्हता. वाद असलाच तर तो वेगळा होता: शिकायचे ते कुणाकडे राहून? रत्नागिरीच्या किनाऱ्यावर शाळेनंतरचे आयुष्य शंभर वर्षे तरी मुलाच्या कलाने ठरले नाही. पुढची पायरी किती कोसांवर आहे आणि त्या पायरीजवळ आपल्या माणसाची चूल पेटते आहे का, यावर ते ठरले, असे मला वाटते. विषयांची निवड ही या मुलखात फार उशिरा आलेली गोष्ट आहे, आणि अजून ती पुरती आलेली नाही.

मुंबई विद्यापीठ १८५७ चे, त्याची मॅट्रिकची परीक्षा १८५९ पासूनची. पण मॅट्रिक हे दूरचे शिखर. गावातल्या हुशार मुलासमोर जवळचा डोंगर होता तो मराठी शाळेतल्या सहावीचा. ही सरकारी परीक्षा उतरली की मास्तरकी किंवा कचेरीतली कारकुनी मिळण्याजोगी होई. तिच्यासाठी काय करावे लागे हे धोंडो केशव कर्वे यांच्या उदाहरणावरून कळते. दापोलीजवळच्या मुरूडचा हा मुलगा १८७५ मध्ये परीक्षेसाठी घाट चढून साताऱ्याला पायी गेला. अंतर शंभर मैलांच्या वर. तिथे परीक्षकांनी त्याच्याकडे पाहिले, हा काही सतरा वर्षांचा दिसत नाही असे ठरवले आणि परत पाठवले. अंगकाठी लहान, एवढाच दोष. पुढच्या खेपेस कोल्हापूरला जाऊन तो सहावी उतरला, आणि मुंबईत राहून मॅट्रिक व्हायला १८८१ उजाडले. चरित्रकारांना यात चिकाटी दिसते, आणि ती आहेच. मला मात्र यात परीक्षेची जागा दिसते. परीक्षा दापोलीला असती तर वर्ष वाचले असते, आणि चिकाटी बेताची असलेली दहा मुलेही त्या दिवशी बाकावर बसली असती. ती दहा मुले कुठल्याच चरित्रात येत नाहीत.

ज्यांची नावे चरित्रांत आली, त्यांच्या बाबतीत बहुधा एखादी बदली कामास आलेली असते. रामकृष्ण गोपाळ भांडारकर मालवणचे. वडील महसूल खात्यात कारकून, त्यांची नेमणूक रत्नागिरीला झाली म्हणून मुलाला तिथली इंग्रजी शाळा मिळाली, तिथून मुंबईचे एल्फिन्स्टन, आणि १८६२ मध्ये विद्यापीठाच्या पहिल्याच तुकडीत पदवी. लोकमान्य टिळकांचे वडील शाळाखात्यात; त्यांची बदली पुण्याला झाली ती १८६६ मध्ये, म्हणजे मालगुंडला केशवसुत जन्मले त्याच वर्षी. सरकारी बदलीचा कागद हाच त्या काळचा करिअर मार्गदर्शक होता म्हणायचा.

दामल्यांच्या घरात अशी सोय नव्हती, म्हणून मुले हलली. कृष्णाजींचे शिक्षण कोकणात सुरू झाले, बडोद्याला थोरल्या भावाकडे पुढे सरकले, तो भाऊ गेल्यावर वर्ध्याला मामांकडे, तिथून नागपूर आणि शेवटी पुण्याचे न्यू इंग्लिश स्कूल. मॅट्रिक झाले तेव्हा १८८९ साल होते, वय तेवीस. कॉलेज राहूनच गेले. मुंबईत किरकोळ नोकऱ्या, प्लेगनंतर खानदेशात भडगाव आणि फैजपूरची मास्तरकी, मग धारवाडचे हायस्कूल, आणि १९०५ मध्ये हुबळीला प्लेगनेच मृत्यू. त्यांच्या पाठचे मोरो केशव एम. ए. झाले, उज्जैनला प्राध्यापक झाले आणि १९११ मध्ये ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा ग्रंथ त्यांनी दिला. धाकटे सीताराम केशव पत्रकारितेत गेले, मुळशी सत्याग्रहात तुरुंगात गेले. एकाच बापाचे, एकाच तऱ्हेच्या ऐपतीत वाढलेले तीन मुलगे तीन वाटांनी गेले. याचे श्रेय नुसते स्वभावाला देता येत नाही. थोरल्याने फिरत फिरत शिकायचे, घराला हातभार लावायचा, आणि धाकट्यांना थोडी सलग वर्षे मिळायची, हा त्या काळच्या घरांचा रिवाजच होता. केशवसुतांची मॅट्रिक लांबली ती कवितेच्या नादाने, असे म्हणणे सोपे आहे; गावोगाव शाळा बदललेल्या कुठल्याही मुलाची ती लांबली असती.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे भटकणेच फळाला आले. नागपूरला कवी रेव्हरंड टिळकांची गाठ पडली नसती, पुण्यात इंग्रजी कवी वाचायला मिळाले नसते, तर मालगुंडचा मास्तर मालगुंडलाच राहिला असता. यात तथ्य आहे. पण त्याच हिशेबात मुली धराव्या लागतील. मामांकडे वर्ध्याला जाऊन इंग्रजी शिकण्याची वाट त्यांच्यासाठी नव्हतीच. त्यांना चालता येईल एवढ्या अंतरावर जे होते तेवढेच त्यांचे. दूर जाऊन शिकण्याचा लाभ मोजताना ज्यांना दूर जाताच येत नव्हते ते वगळले, तर उत्तर नेहमीच गोड येते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: अंतर कसले सांगता, खरी अडचण जातीची आणि दारिद्र्याची होती. कर्वे, टिळक, दामले एका जातीचे, भांडारकरही पिढीजात लिहित्या घरातले. कुणबी, भंडारी, गाबीत, महार घरांतल्या मुलांपुढे मॅट्रिकचा प्रश्नच नव्हता. हे मान्य करायलाच हवे, पण त्याने मूळ मुद्दा खोडला जात नाही, उलट नीट उलगडतो. लांबच्या गावी आपली चूल असणे ही गोष्टच जातीने वाटलेली होती. लिहित्या घरांचे नातलग बडोद्याला, पुण्याला, कचेऱ्यांत आणि शाळांत होते. तिथे गेलेला भाचा शाळेत जाई. कुणब्याचे नातलग गिरणगावात गावकीच्या खोलीत होते. तिथे गेलेला भाचा गिरणीच्या खात्यात बदली कामगार म्हणून लागे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जनगणनांत मुंबईत जन्मजिल्हा रत्नागिरी सांगणारे इतर कुठल्याही जिल्ह्यापेक्षा जास्त होते, ते या दुसऱ्या वाटेने आलेले. दोन्हीकडे ‘कुणाकडे राहून’ हाच प्रश्न होता. उत्तरात एकाला दप्तर मिळाले, दुसऱ्याला साचा.

म्हणून या जिल्ह्याच्या शिक्षणाच्या इतिहासात मला १९४५ हे वर्ष मॅट्रिकच्या वर्षाहून मोठे वाटते. त्या साली रत्नागिरीत कॉलेज निघाले, आजचे गोगटे-जोगळेकर. त्याआधी जिल्ह्यातल्या मुलाला पदवीसाठी घाट चढावा लागे किंवा बोट धरावी लागे. मग एसटी आली, १९७२ मध्ये दापोलीला कृषी विद्यापीठ झाले, १९७५ मध्ये नव्या आकृतिबंधाची पहिली दहावी झाली आणि पुढची दोन वर्षे गावोगावच्या हायस्कुलांना जोडता येऊ लागली. अकरावी-बारावी घरी जेवून करता येणे ही कोकणातली केवढी मोठी क्रांती आहे, हे शहरातल्या माणसाला सहसा कळत नाही. तिचे फळ आकड्यांत दिसते: रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचे कोकण मंडळ २०१२ पासून वेगळे झाले आणि निकालात राज्यात पहिले राहू लागले. २०२४ च्या बारावीत राज्याचा निकाल ९३.३७ टक्के, कोकणाचा ९७.५१.

पण पायरी जवळ आली तरी नजर जुन्याच जागी राहिली. किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी, आणि मत्स्यविज्ञानाची पदवी देणारे शिरगावचे महाविद्यालय १९८१ चे. मॅट्रिकनंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी. इथल्या शाळेने इतकी वर्षे बाहेर नेणारी विद्याच दिली, की इथल्या पाण्याचे आणि कलमांचे शास्त्र हेही ‘शिक्षण’ असते हे घरांना पटायला वेळ लागला. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, त्यात मुलींचे कौतुक कमी आणि मुंबईला गेलेल्या पुरुषांची गैरहजेरी जास्त आहे. मालगुंडहून आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी आता तासाभरावर आहे. शिरगावच्या पदवीला बारावी सायन्स लागते. आणि सायन्स घ्यायचे की नाही हे ज्या जूनमध्ये ठरायचे, त्या जूनमध्ये अनेक घरांत बोलणे चालते ते डोंबिवलीची मावशी बरी की नालासोपाऱ्याचे काका, याचेच.