वसई : आपल्या मुलखातील युरोपीय शहर

ऐपत असलेली मंडळी लिस्बन पाहतात, रोम पाहतात आणि परत आल्यावर तेथील कमानींची व मनोऱ्यांची वर्णने करतात. सिरसाळ्याच्या माणसास ती ऐकून गप्प बसण्याचे कारण नाही. त्याने मुंबईस जावे, लोकलने वसई रोड गाठावे व तेथून बसने किल्ला. दोनशे पाच वर्षे नांदलेले पोर्तुगीजांचे एक शहर तेथे भग्नावस्थेत उभे आहे.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ साली तह करून वसई पोर्तुगीजांस दिली. पुढे त्यांनी तट बांधला. त्याच्या आत नुसती शिबंदी नव्हती. सरदारांचे वाडे होते, इस्पितळ होते, जेझुइट, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन अशा पंथांचे मठ व चर्चे होती. आज छपरे गेली आहेत, पण कमानी आहेत, आणि सेंट जोसेफच्या चर्चचा मनोरा दुरूनही दिसतो.

“परक्यांनी केले, आपल्यास त्याचे काय?” असा प्रश्न आम्हांस पुष्कळदा विचारला जातो. या राज्यात देवळे पाडली गेली, धर्मासाठी लोकांना छळले गेले, हे आम्ही विसरत नाही. परंतु केले कोणी, हे नीट पाहिले पाहिजे. गोव्याच्या जांभ्या दगडावर बारीक नक्षी टिकत नाही. म्हणून १५९४ ते १६०५ या काळात बांधलेल्या तेथील बॉम जेझू चर्चच्या दर्शनी भागासाठी काळा दगड वसईहून नेला. आपल्या बालाघाटात आहे त्याच जातीचा तो दगड! तो कसा फुटतो, कोठे टाकी मारावी, हे लिस्बनहून आलेल्या फिडाल्गोस काय ठाऊक? ती विद्या येथल्या पाथरवटाची. थडग्यांच्या शिळांवर सरदारांची नावे अजून वाचता येतात. पाथरवटाचे नाव कोठेही नाही. आम्ही मुद्दाम शोधले.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या फौजेने सुरुंग लावून सेबास्तियन बुरूज उडविला आणि वसई घेतली. मराठ्यांकडील पाच हजार माणसे मेली किंवा जखमी झाली, असे ग्रँट डफ लिहितो. सुरुंग खणणारे हातही कष्टकऱ्यांचेच होते. चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देवस्थानांना वाटल्या गेल्या. १७०७ सालची एक वाईजवळ मेणवलीस आहे, १७२१ ची एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात. मूर्ती फोडणाऱ्यांची घंटा महादेवापुढे वाजू लागली आणि कोणास त्यात काही वावगे वाटले नाही. आम्हांस हे फार आवडते.

त्याच वसईत १८०२ च्या ३१ डिसेंबरला दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह करून स्वातंत्र्य गहाण टाकले. त्याविषयी काय बोलावे!

पुढे इंग्रजी अमलात या पडक्या शहरात ऊस लावून साखर काढण्याचा उद्योगही झाला. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी कोयता घेऊन जाणाऱ्यांना मार्गदर्शक पुस्तकांत नसलेली ही गोष्ट मुद्दाम सांगतो. जावयाचे तर दिवाळीनंतर जावे; पावसाळ्यात भिंतींवर वेली इतक्या माजतात की दगडाची घडण दिसत नाही.