मॅकनल्टी, कॅथलीन (के)

मॅकनल्टी, कॅथलीन : (१२ फेब्रुवारी १९२१–२० एप्रिल २००६). ‘एनिअॅक’ या इलेक्ट्रॉनिक संगणकाच्या पहिल्या सहा प्रोग्रॅमरांपैकी एक. जन्म आयर्लंडमधील डोनेगल परगण्यात, क्रीस्लो गावाजवळ. वडील जेम्स हे दगडी बांधकाम करणारे गवंडी आणि आयरिश स्वातंत्र्ययुद्धात आयरिश रिपब्लिकन आर्मीचे (आयआरए) प्रशिक्षक. कॅथलीन जन्मल्या त्याच रात्री वडिलांना अटक झाली व दोन वर्षे ते डेरीच्या तुरुंगात होते. १९२४ मध्ये हे कुटुंब अमेरिकेत फिलाडेल्फियाला आले. सहा भावंडांतील तिसऱ्या कॅथलीनना तेव्हा फक्त आयरिश भाषा येत असे. त्या भाषेतल्या प्रार्थना त्यांना अखेरपर्यंत पाठ होत्या.

१९४२ मध्ये चेस्टनट हिल कॉलेजातून त्या गणित घेऊन पदवीधर झाल्या. त्या वर्षीच्या ९२ विद्यार्थिनींत गणिताच्या तिघीच होत्या. लगेचच वर्षाला १,६२० डॉलर पगारावर लष्कराने त्यांना व वर्गमैत्रीण फ्रान्सिस बिलास यांना नेमले. काम पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मूर स्कूलमध्ये, तोफमारीचे तक्ते तयार करण्याचे. टेबलावरच्या गणनयंत्राने एका तोफगोळ्याचा मार्ग काढायला ३० ते ४० तास लागत, आणि एका तक्त्यासाठी असे शेकडो मार्ग काढावे लागत.

१९४५ मध्ये एनिअॅकसाठी त्यांची निवड झाली. सुमारे १८,००० निर्वात नळ्यांचे हे यंत्र गुप्त असल्याने सुरुवातीला ते पाहण्याचीही परवानगी नव्हती. माहितीपुस्तिका नव्हती, प्रोग्रॅमिंगची भाषाही नव्हती. आराखडे पसरून आणि अभियंत्यांना प्रश्न विचारून या सहाजणी यंत्र शिकल्या. गणित सोडवायचे म्हणजे केबली जोडायच्या आणि स्विच लावायचे. तोच क्रम पुन्हा वापरण्यासाठी ‘मास्टर प्रोग्रॅमर’ हा भाग कामी लावण्याची कल्पना के यांची, असे सहकारी जीन बार्टिक यांनी सांगितले आहे. पण पुढे कित्येक वर्षे के यांची ओळख एका संशोधकाची पत्नी एवढीच राहिली. फेब्रुवारी १९४६ मधील जाहीर प्रात्यक्षिकानंतरच्या मेजवानीला सहाजणींपैकी कोणालाच बोलावणे नव्हते.

१९४८ मध्ये एनिअॅकचे सहनिर्माते जॉन मॉकली यांच्याशी विवाह झाल्यावर के यांनी नोकरी सोडली. मॉकली विधुर होते. त्यांची आधीची दोन मुले आणि नंतर झालेली पाच असा मोठा संसार के यांनी सांभाळला. १९७३ मध्ये न्यायालयाने एनिअॅकचे पेटंट रद्द ठरवले, तेव्हापासून मॉकलींच्या श्रेयाचा वाद चिघळला. १९८० मध्ये ते वारले. १९८४ मध्ये के यांनी मॉकलींच्या सुरुवातीच्या संशोधनावर लेख लिहून त्यांची बाजू मांडली. १९८५ मध्ये छायाचित्रकार सेव्हेरो अँटोनेली यांच्याशी त्यांनी दुसरा विवाह केला.

त्यांचा स्वतःचा गौरव उशिरा झाला. १९९७ मध्ये सहाही प्रोग्रॅमरांना विमेन इन टेक्नॉलॉजी इंटरनॅशनलच्या सन्मानयादीत स्थान मिळाले. के यांच्या मृत्यूनंतर, २०१७ मध्ये डब्लिन सिटी युनिव्हर्सिटीच्या संगणकशास्त्र इमारतीला त्यांचे नाव देण्यात आले. आयर्लंडच्या एका माजी राष्ट्रीय महासंगणकाचे ‘के’ हे नावही जनतेच्या कौलाने ठरले होते.